बोर्ड मोजू नका, व्होल्ट मोजा

फेब्रुवारी 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक घोषणा झाली: पुढच्या 5 वर्षांत सरकारी शाळांमध्ये 50,000 अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहणार. सहावी ते बारावीच्या मुलांनी हाताने काही बनवावं, मोडावं, पुन्हा जोडावं यासाठीची ही योजना. आधीच्या टप्प्यात निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत होतं. पैसा थोडाथोडका नाही आणि हेतूबद्दलही वाद नाही. काळजी वाटते ती खरेदीची. अशा खरेदीत सामानाची यादी होते, यादीत सगळ्यात दिमाखदार वस्तू वरच्या ओळीत येते आणि पुढे लॅबचं मूल्यमापन त्याच ओळीवरून होतं. आज ती वरची ओळ म्हणजे क्रेडिट कार्डाएवढा सिंगल-बोर्ड संगणक: रास्पबेरी पाय किंवा त्याचा एखादा भाऊबंद.

घरी छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणारी मंडळीही नेमकी याच ओळीपासून सुरुवात करतात. फरक इतकाच की तिथे अनुदान स्वतःच्या खिशातून येतं. म्हणून शाळेची लॅब आणि घरचं टेबल यांचा विचार एकत्रच करायला हवा.

माझं म्हणणं असं आहे. लिनक्स ही संगणकप्रणाली चालवणारा बोर्ड, म्हणजे रास्पबेरी पायसारखा, ही कार्यशाळेतली डोक्याची जागा आहे, हाताची नाही. एका कार्यशाळेला असं डोकं एक पुरतं, फार तर दोन. मोटर चालू-बंद करणं, सेन्सर वाचणं, दिवा लावणं ही हातांची कामं. ती एकच प्रोग्रॅम अखंड चालवणाऱ्या साध्या मायक्रोकंट्रोलरकडे द्यावीत आणि असे मायक्रोकंट्रोलर मुबलक घ्यावेत. यातून वाचलेला पैसा वीजपुरवठा, मोजमापाची साधनं आणि सुटे भाग यांवर खर्च व्हावा, कारण प्रकल्प बंद पडतात ते तिथे.

आधी किमतीचा हिशेब. रास्पबेरी पायचा पहिला बोर्ड 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीला आला, किंमत 35 डॉलर. केंब्रिज विद्यापीठात इबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसत होतं की संगणकशास्त्राला अर्ज करणाऱ्या मुलांची संख्याही घटते आहे आणि तयारीही. घरच्या संगणकावर स्वतः प्रोग्रॅम लिहीत वाढलेली 1980च्या दशकातली पिढी मागे पडली होती. मोडला तरी जीव हळहळणार नाही असा संगणक मुलांच्या हाती द्यायचा, हा त्यामागचा विचार. पण 2023 साली आलेल्या पाय 5ची सुरुवातीची किंमत 4 जीबीला 60 आणि 8 जीबीला 80 डॉलर होती. वर अडॅप्टर, मेमरी कार्ड, पंखा आणि केस वेगळी. दरम्यान याच कंपनीने जानेवारी 2021मध्ये पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड 4 डॉलरला आणला. त्या सुरुवातीच्या किमतीने 8 जीबीच्या एका पाय 5मध्ये 20 पिको येत होते. भारतात पोहोचेपर्यंत वाहतूक, कर आणि दुकानदाराचा नफा धरून दोन्ही आकडे वाढतात, प्रमाण मात्र फारसं बदलत नाही. जो बोर्ड जळेल म्हणून शिक्षक कपाटात कुलूपबंद ठेवतात, त्यावर मूल काय शिकणार? मोडण्याची मुभा देणारा बोर्ड आज पिकोच्या किमतीत मिळतो.

किंमत हे तरी दुय्यम कारण आहे. मुख्य कारण कामाच्या स्वरूपात आहे, आणि ते नीट दिसतं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागलेला माणूस हमखास ज्या कामाला हात घालतो ते हेच: खालच्या टाकीतलं पाणी वर चढवणारी मोटर आपोआप चालू-बंद झाली पाहिजे. नळाला पाणी तासभर येतं, टाकी भरून वाहते आणि शेजाऱ्यांचा फोन येतो. या कामाला रास्पबेरी पाय आणि आवाजाच्या लहरी सोडून पाण्याचं अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरायचा, असं शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत.

त्यात काय बिघडतं ते क्रमाने पाहू. एचसी-एसआर04 हा स्वस्त सेन्सर 5 व्होल्टवर चालतो आणि त्याच्या एको पिनवरून, म्हणजे परतलेल्या आवाजाची खबर देणाऱ्या टोकावरून, 5 व्होल्टचाच सिग्नल येतो. रास्पबेरी पायच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत आणि त्यांना 5 व्होल्ट सहन होत नाहीत. सरळ जोडणी केली तर काही दिवस चालेल, मग एक पिन मरेल, किंवा अख्खा प्रोसेसर. मध्ये एको आणि पिन यांच्यात 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि पिन ते ग्राउंड 2 किलोओहमचा, एवढी दोन पैशांची जोडणी केली की 5चे 3.33 व्होल्ट होतात. ही झाली पहिली पायरी.

दुसरी अडचण अधिक खोलातली आहे. हा सेन्सर अंतर सांगत नाही, वेळ सांगतो. आवाज जाऊन परत यायला दर सेंटिमीटरमागे साधारण 58 मायक्रोसेकंद लागतात. लिनक्स हे एकाच वेळी डझनावारी कामं सांभाळणारं घर आहे. तुमचा पायथन प्रोग्रॅम ही वेळ सांगणारी पल्स (विजेचा ठोका) मोजत असताना त्याला वायफायचं काम आठवलं आणि तुमचा प्रोग्रॅम फक्त 1 मिलिसेकंद थांबला, तर मोजमाप 17 सेंटिमीटरने चुकतं. मीटरभर उंचीच्या हजार लिटरच्या टाकीत हे 170 लिटर झाले. बोर्ड सदोष नाही, प्रोग्रॅम चुकीचा नाही. काम आणि साधन यांची जोडी चुकली आहे. पिकोवर किंवा ईएसपी32 या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलरवर हीच पल्स दरवेळी काही मायक्रोसेकंदांच्या फरकाने तीच येते, कारण तिथे दुसरं कुणी दार वाजवत नाही. डीएचटी22 या आर्द्रतामापकाची वाचनं लिनक्स बोर्डावर मधूनच गाळली जातात, त्याचंही कारण हेच.

तिसरी गोष्ट टाकीची स्वतःची. झाकणाखाली सतत दमट हवा असते. उघड्या जाळीचा एचसी-एसआर04 तिथे फार टिकत नाही. म्हणून लोक जेएसएन-एसआर04टी हा जलरोधक सेन्सर घेतात. त्याला जवळचं दिसत नाही: 20 ते 25 सेंटिमीटरच्या आत काही आलं की वाचन भलतंच. सेन्सर झाकणाला चिकटवला आणि टाकी काठोकाठ भरली, म्हणजे नेमकी मोटर बंद करायची वेळ आली, की तो खोटं बोलतो. सेन्सर पाण्याच्या सर्वोच्च पातळीपासून 30 सेंटिमीटर वर बसवायला जागा नसेल, तर त्याचा नाद सोडून पाण्याबरोबर तरंगत चालू-बंद होणारे दोन फ्लोट स्विच टांगावेत, एक वरच्या पातळीला, एक खालच्या. तांब्याच्या सळ्या पाण्यात सोडून डीसी करंट देण्याची जुनी युक्ती करू नये. इलेक्ट्रोलिसिसने सळी झिजते आणि तिचं तांबं पिण्याच्या पाण्यात उतरतं.

आता मोटर. निळ्या डबीच्या रिले मॉड्यूलवर (रिले म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) 10 अँपिअर, 250 व्होल्ट असं छापलेलं असतं. 1 एचपीची घरगुती मोटर चालताना साधारण 6-7 अँपिअर घेते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण ते 10 अँपिअर हीटरसारख्या लोडसाठी आहेत. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी पाच-सहापट करंट ओढते. म्हणजे 30-40 अँपिअर. अशा प्रत्येक सुरुवातीला रिलेच्या टोकांत ठिणगी पडते आणि एके दिवशी ती टोकं एकमेकांना वितळून चिकटतात. मग प्रोग्रॅम ‘बंद’ म्हणतो, रिलेवरचा दिवा विझतो आणि मोटर चालूच राहते. उपाय ठरलेला आहे: रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच बनवलेल्या दणकट स्विचची, कॉइल चालवायची, मोटर कॉन्टॅक्टरने. कोणत्याही वायरमनला हे ठाऊक असतं, तो मोटरचा स्टार्टर रोज जोडतो. यूट्यूबवरच्या धड्यात ते सांगितलेलं नसतं.

रिले सुटा वापरायचा असेल तर त्याची 5 व्होल्टची कॉइल सुमारे 70 मिलिअँपिअर घेते. बोर्डाची पिन तेवढं देऊ शकत नाही. मध्ये बीसी547 ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला 1 किलोओहम, बेस ते ग्राउंड 10 किलोओहम, आणि कॉइलवर उलटा 1एन4007 डायोड. यातला 10 किलोओहमचा रेझिस्टर लोक हमखास वगळतात. वीज आल्यावर बोर्ड बूट होत असताना पिना कुणाच्याच ताब्यात नसतात. लिनक्स बोर्डाला उठायला 20-30 सेकंद लागतात आणि तेवढा वेळ रिलेने गप्प राहायची हमी हा रेझिस्टर देतो. पिको सेकंदाच्या आत कामाला लागतो, तरी त्यालाही तो हवाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वरच्या पातळीचा आणखी एक फ्लोट स्विच कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरमध्येच, सीरिजमध्ये, कोणत्याही बोर्डाला न विचारता बसवायचा. तो त्या व्होल्टेजसाठीच बनवलेला असावा आणि हे काम लायसन्सधारक वायरमनकडूनच करून घ्यावं, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), पक्क्या अर्थिंगसह. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर, 230 व्होल्ट कधीही नाहीत. शाळेत तर 230 व्होल्टच्या बाजूला मुलांचा हातच लागू नये. तिथे रिलेवर 12 व्होल्टचा पंप चालवून सगळं शिकवता येतं. सुरक्षा सॉफ्टवेअरच्या मर्जीवर सोडायची नसते, हे मुलाने चौदाव्या वर्षी टाकीवर शिकलं, तर पुढे कारखान्यात कामाला येईल.

आता या सगळ्या मांडणीत लिनक्स कुठे लागलं? कुठेच नाही. ते लागतं यानंतर. पिको डब्ल्यू किंवा ईएसपी32ने दर मिनिटाला पातळी वायफायवरून पाठवायची, घरातल्या एका रास्पबेरी पायने ती साठवायची, आलेख काढायचा, मोटर रोज किती वेळ चालली ते मोबाइलवर दाखवायचं. त्या बोर्डाचं कार्ड खराब झालं तर आलेख दोन दिवस दिसणार नाही, पाणी मात्र चढत राहील. डोकं आणि हात वेगळे ठेवण्याचा फायदा हा आहे.

ही विभागणी मी शोधलेली नाही. थ्रीडी प्रिंटरवरचं क्लिपर हे सॉफ्टवेअर असंच चालतं: नोझलने कोणत्या वळणावर किती वेग घ्यायचा याचं जड गणित रास्पबेरी पाय करतो, आणि मोटरला नेमक्या क्षणी पल्स देण्याचं काम प्रिंटरमधल्या मायक्रोकंट्रोलरकडे असतं. ऑक्टोबर 2025मध्ये आर्डुइनोने आणलेल्या ऊनो क्यू बोर्डावर लिनक्स चालवणारा प्रोसेसर आणि स्वतंत्र मायक्रोकंट्रोलर शेजारी-शेजारी बसवले आहेत. बनवणाऱ्यांनाच जर दोन वेगळ्या चिपा लागतात, तर आपल्या मुलांना एकीनेच सगळं करायला का लावायचं?

वीजपुरवठ्याकडे वळतो, कारण लिनक्स बोर्ड घेतलेल्या माणसाचे निम्मे प्रश्न तिथे सुटतात. बोर्ड मधूनच रीस्टार्ट होतो, यूएसबीचा माउस गायब होतो, वायफाय तुटतं, पडद्यावर विजेचं चिन्ह चमकतं. दुकानदार म्हणतो बोर्ड खराब. मल्टीमीटर घ्या, 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक 40 पिनांच्या पट्टीतल्या दुसऱ्या पिनेला, काळं सहाव्या पिनेला, आणि बोर्डावर काही जड काम चालू असताना वाचा. हात थरथरला तर शेजारची पिन शॉर्ट होते, म्हणून टोकांऐवजी दोन जंपर वायर लावून मोजणं बरं. 4.63 व्होल्टच्या खाली आकडा गेला की बोर्ड स्वतःच कमी व्होल्टेजची नोंद करतो आणि वेग कमी करतो. टर्मिनलवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) विचारलं आणि उत्तर 0एक्स0 आलं तर ठीक. 0एक्स50000 आलं तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, आणि 0एक्स50005 आलं तर आत्ता या क्षणी पडलेलं आहे.

अडॅप्टरवर 5 व्होल्ट 3 अँपिअर लिहिलेलं असूनही हे होतं, कारण गुन्हेगार बहुधा केबल असते. मोबाइलबरोबरच्या बारीक केबलमध्ये 28 गेजची तार असेल (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक), तर तिच्या एका मीटरचा रोध 0.21 ओहम. करंट जातो एका तारेतून आणि परततो दुसरीतून, म्हणजे 0.43 ओहम. 2 अँपिअर ओढले की 0.85 व्होल्ट केबलमध्येच खर्च झाले. 5.1मधून वजा करा: 4.25. त्याच लांबीची 20 गेजची तार असेल तर नुकसान 0.13 व्होल्ट. पुस्तकातला ओहमचा नियम याहून जिवंत कुठे भेटणार? मुलांना जाड आणि बारीक अशा दोन केबल द्याव्यात, दोन्हींवर व्होल्टेज मोजायला लावावं आणि वहीत गणित मांडून घ्यावं. या एका तासासाठी कोणताही महागडा किट लागत नाही, दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर लागतो. तो मात्र चार-पाच मुलांमागे एक हवा. अख्ख्या लॅबला एकच मल्टीमीटर असेल तर मोजमाप हा बघण्याचा कार्यक्रम होतो.

मोबाइलचा 65 वॅटचा फास्ट चार्जर लावला म्हणजे भागलं, असंही नाही. ते वॅट 9, 12 किंवा 20 व्होल्टला मिळतात. रास्पबेरी पायला 5 व्होल्टच हवेत, आणि तिथे असे चार्जर बहुधा 3 अँपिअरवर थांबतात. पाय 5ला पूर्ण ताकदीसाठी 5.1 व्होल्टला 5 अँपिअर लागतात. 3 अँपिअरचा अडॅप्टर लावला तर बोर्ड चालतो, पण यूएसबीच्या चारही पोर्टना मिळून फक्त 600 मिलिअँपिअर सोडतो, आणि मग यूएसबीवरची हार्ड डिस्क का उठत नाही म्हणून दोन संध्याकाळी जातात. खरेदीच्या यादीत अडॅप्टरची स्वतंत्र ओळ असावी: बोर्ड कोणता, व्होल्ट-अँपिअर किती, आणि बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा आर क्रमांक छापलेला आहे का.

वीज जाणं हा तर आपल्याकडचा रोजचा विषय. गावात दुपारी वीज जाते आणि संध्याकाळी लिनक्स बोर्ड उठत नाही. मेमरी कार्ड गेलेलं असतं. कार्डाच्या आत डेटा छोट्या तुकड्यांत बदलता येत नाही. आतला कंट्रोलर मोठा ब्लॉक उचलतो, पुसतो, पुन्हा लिहितो. त्याच क्षणी वीज गेली की ज्या फाइलला तुम्ही हातही लावला नव्हता तीही त्या ब्लॉकबरोबर जाऊ शकते. वरून लिनक्स लॉगच्या नोंदी सतत लिहीत असतं, म्हणजे असा धोक्याचा क्षण कायम जवळच असतो. नकली कार्डांची गोष्ट आणखी वेगळी: 64 जीबीचं लेबल, आत 8 जीबी. एफ3 नावाचं मोफत साधन कार्ड पूर्ण भरून, पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतं. प्रत्येक नवं कार्ड आधी यातून काढावं, वापरायला लागल्यावर नाही.

प्रकल्प एकदा नीट चालला की ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये जाऊन ओव्हरले फाइल सिस्टिम सुरू करावी. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळे बदल रॅममध्ये राहतात आणि वीज गेली तरी कार्ड शाबूत राहतं. नोंदी जपायच्या असतील तर त्या वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा एसएसडीवर. शिवाय बंद करायचं बटण हवं: जीपीआयओ-शटडाउन ही सेटिंग (तिलाही ओव्हरलेच म्हणतात, पण वरच्याशी तिचा संबंध नाही) सुरू केली की पाचवी आणि सहावी पिन जोडताच बोर्ड नीट बंद होतो आणि पाय 5च्या आधीच्या बोर्डांवर त्याच बटणाने पुन्हा उठतो. मात्र पाचवी पिन आयटूसी या दोन तारांच्या पद्धतीने बोलणारे सेन्सरही वापरतात. तसं असेल तर बंद करण्याचं बटण शेवटच्या दोन, म्हणजे 39 आणि 40 क्रमांकाच्या पिनांवर न्यावं. तिथून उठवता येत नाही, तेवढं लक्षात ठेवावं.

घड्याळाचंही असंच. पाय 5च्या आधीच्या बोर्डांना स्वतःचं घड्याळ नाही. इंटरनेट नसलेल्या शाळेत वीज येऊन-जाऊन पावसाच्या नोंदींवर भलत्याच वेळा पडतात. डीएस3231 या सेलवर चालणाऱ्या घड्याळाचं मॉड्यूल लावलं की प्रश्न मिटतो, पण बाजारातल्या बऱ्याच निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायची जोडणी असते आणि लोक त्यात चार्ज न होणारा सीआर2032 घालतात. तो सेल फुगतो, कधी गळतो. मॉड्यूलवरचा चार्जिंगच्या वाटेतला 200 ओहमचा छोटा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने उचलून टाकावा, किंवा एलआयआर2032 हा चार्ज होणारा सेल वापरावा.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा: ज्या मुलाच्या घरी संगणकच नाही, त्याच्यासाठी रास्पबेरी पाय हा संगणक आहे. टीव्हीला जोडला, कीबोर्ड लावला की पायथन, लिबरऑफिस, ब्राउझर सगळं हातात. पिको एकटा निरुपयोगी, त्याला प्रोग्रॅम द्यायलाच दुसरा संगणक लागतो. हे खरं आहे. म्हणूनच डोकं एक हवं, असं मी म्हणतो. एका रास्पबेरी पायवर थॉनी हा प्रोग्रॅम लिहायचा संपादक उघडला की पिकोचं बूटसेल बटण दाबून यूएसबी जोडायची, मायक्रोपायथनची (मायक्रोकंट्रोलरसाठीच्या छोट्या पायथनची) यूएफ2 फाइल त्यावर टाकायची आणि पाच मिनिटांत पहिला दिवा लुकलुकतो. एकामागून एक पाच मुलांचे पाच पिको त्याच टेबलावर तयार होतात आणि प्रत्येक मूल आपला बोर्ड खिशात घालून घरी नेतं. पिको दिसतच नसेल तर आधी केबल बदलून पाहावी. चार्जिंगच्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच.

पण ते डोकं नवाच सिंगल-बोर्ड संगणक असलं पाहिजे असंही नाही. कार्यालयातून बाद झालेला लॅपटॉप डेबियन लिनक्सवर छान चालतो. त्याला पडदा, कीबोर्ड, एसएसडी आणि चांगला अडॅप्टर आहे, आणि बॅटरी अर्धी शाबूत असली तरी वीज गेल्यावर अर्धा तास निभावून नेते. पिना नाहीत ही त्याची उणीव पिको यूएसबीने भरून काढतो. विजेचं बिल मात्र मोजावं: 3 वॅटवर रिकामा बसलेला पाय 4 वर्षभर अखंड चालला तर 26 युनिट होतात, 8 वॅटवाल्या जुन्या छोट्या पीसीला 70. चोवीस तास चालणाऱ्या कामाला छोटा बोर्ड, बसून शिकायच्या कामाला जुना लॅपटॉप, असा हिशेब मला रास्त वाटतो. कॅमेरा लावायचा असेल, थ्रीडी प्रिंटर चालवायचा असेल, घरातल्या सगळ्या सेन्सरांची नोंद ठेवायची असेल, तिथे सिंगल-बोर्ड संगणकाला तोड नाही. त्याची जागा काढून घ्यावी असं मी म्हणत नाही.

स्वस्त पर्यायी बोर्डांबद्दलही सावध राहावं. कागदावर रॅम जास्त, वेग जास्त, किंमत कमी. पण त्यावर चालणारं लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बोर्ड बनवणाऱ्याने एकदा जुळवून दिलेलं असतं आणि नंतर पुष्कळदा कुणी त्याकडे बघत नाही. याउलट रास्पबेरी पायसाठीच्या लिनक्सच्या 2023च्या बुकवर्म आवृत्तीची 32 बिट प्रत 2012च्या पहिल्या बोर्डावरही चालते. शाळेसाठी मला हा गुण दुप्पट रॅमपेक्षा मोलाचा वाटतो. मात्र एकाच कंपनीवर विसंबण्याचा धोकाही 2021 ते 2023च्या टंचाईत दिसला: बोर्ड मिळेनात, मिळाले तर दुप्पट-तिप्पट दराने. ज्यांचे प्रकल्प साध्या मायक्रोकंट्रोलरवर उभे होते त्यांनी एक चिप काढून दुसरी बसवली. बाकीचे थांबले.

एका गोष्टीत सरकारला फारसा पैसा न घालता मोठा परिणाम साधता येईल. ती म्हणजे मराठीत लिहिलेल्या, तारीख घातलेल्या कृतीपत्रिका. इंटरनेटवरचे जुने धडे सांगतात की लॉगिन ‘पाय’, पासवर्ड ‘रास्पबेरी’. एप्रिल 2022पासून असा ठरलेला वापरकर्ता दिला जात नाही. धडे सांगतात की वायफायची फाइल बूट विभागात टाका. बुकवर्मपासून नेटवर्कची व्यवस्थाच बदलली, ती युक्ती चालत नाही. कॉन्फिग फाइलची जागा बदलली. पिप ही आज्ञा वापरून थेट पायथनची लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच) टाकायला गेलं की आता नकार मिळतो, आधी त्यासाठी वेगळा कप्पा, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, बनवावं लागतं. पाय 5वर पिना आरपी1 नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या, त्यामुळे वर्षानुवर्षं वापरली गेलेली आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी तिथे चालेना. यातलं प्रत्येक पाऊल अनुभवी माणसाला दहा मिनिटांचं. इंग्रजीशी झगडणाऱ्या नववीच्या मुलाला मात्र तिथे वाटतं की हे आपल्याला जमणारं नाही, आणि लॅबमध्ये कपाट असूनही एक मूल आपण गमावतो. हे मला सहन होत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्याच्या विचारावर. तिथे मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती आणि मोजमाप एकाच अभ्यासक्रमात, मराठीतून शिकत आली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (कुणालाही वस्तू बनवून पाहता येईल अशा कार्यशाळांपैकी) एक याच गावात आहे. म्हणजे नमुना परदेशातून आणायला नको. जे मूल मोटरचा स्टार्टर जोडून गावात चार पैसे मिळवू शकतं, त्याच्याच हातात पिको आणि बीसी547 द्यायचा, एवढं करायचं आहे.

खरेदीची निविदा लिहिणाऱ्यांनी 30 मुलांच्या तुकडीसाठी यादी अशी करून पाहावी. लिनक्स बोर्ड 2, प्रत्येकाला योग्य अडॅप्टर आणि तपासलेली 2-2 कार्डं. पिको किंवा ईएसपी32 असे 20, म्हणजे दोघांत एक आणि पाच जळायला. डेटाच्या केबल 20. मल्टीमीटर 7. करंटवर मर्यादा घालता येणारा डीसी पॉवर सप्लाय 2, म्हणजे चुकीची जोडणी झाली तरी धूर निघणार नाही. 25 वॅटचे सोल्डरिंग आयर्न स्टँडसह 5 आणि खिडकीजवळची जागा. सोल्डरमध्ये शिसं असेल तर काम झाल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम भिंतीवर. 220 ओहम, 1, 2, 4.7 आणि 10 किलोओहमचे रेझिस्टर शंभर-शंभर, बीसी547 आणि 1एन4007 पन्नास-पन्नास. दरवर्षी सुट्या भागांसाठी वेगळी रक्कम, आणि ती पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून शिक्षकाला स्वतः खर्च करता यावी, शंभर रुपयांच्या रेझिस्टरसाठी तीन दरपत्रकं मागू नयेत. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने कपाटातले बोर्ड मोजण्याऐवजी टेबलावरच्या कोणत्याही एका मुलाला मल्टीमीटर द्यावा आणि बोर्डाला किती व्होल्ट मिळताहेत ते मोजून दाखवायला सांगावं.